वरच्या आजीचा ईस्टर

रोह्यात घर भाड्याने द्यायचं म्हणजे डोक्याला ताप. कंपनीतली पोरं ठेवली तर दोघं सांगून सहा जण राहतात आणि सकाळी आठच्या आत टाकी कोरडी करून शिफ्टला जातात. म्हणून ओळखीतल्या एकाने येऊन विचारलं, "काकू, एमआयडीसीत एक परदेशी साहेब आलाय, युक्रेनचा, फॅमिली आहे, शांत माणसं आहेत," तेव्हा मी पहिला प्रश्न पाण्याचा केला. दिवसातून किती वेळा आंघोळ करतात? आमचे हे तिथून उठून आत गेले. माझ्या बोलण्याची त्यांना लग्न झाल्यापासून लाज वाटते.

तीन माणसं वरच्या मजल्यावर राहायला आली. साहेब, त्यांची बायको आणि बायकोची आई. साहेब यंत्रं बसवून देण्याच्या कामावर. त्यांच्या देशात लढाई सुरू व्हायच्या आधीच ते बाहेर पडलेले, अगोदर आखातात आणि मग इकडे. सासूला त्यांनी नंतर, लढाईतून काढून आणलं. आमच्या आळीला त्यांची नावं उच्चारता येईनात, तेव्हा आळीने आपलं सोपं करून टाकलं. साहेब, बाई आणि वरची आजी. सासूला घेऊन राहणारा जावई म्हणून बायकांनी साहेबांची थट्टाही भरपूर केली. त्यांना त्यातलं निम्मं कळायचं आणि ते कान लाल करून जिना चढायचे.

आजी सारखी फोन हातात घेऊन गच्चीवर फेऱ्या मारायची. मला वाटलं, खाली रेंज मिळत नसेल. तसं साहेबांना जिन्यात विचारलं.

"रेंज हाय," ते म्हणाले. "फोन येत नाय."

कंपनीतल्या कामगारांकडून उचललेलं त्यांचं मराठी. त्या मराठीत आणि थोड्या हिंदीत त्यांनी सांगितलं ते असं. आजीला दोन मुलं, एक ही बाई आणि एक मुलगा. मुलगा लढाईवर. हिवाळ्यात त्याचा फोन बंद झाला तो झालाच. मेला असं कोणी कळवलं नाही, जिवंत आहे असंही नाही. कागदावर नुसतं बेपत्ता. आजीचं म्हणणं, तो पकडला गेलाय, कैदेत आहे, सुटला की पहिला फोन तिलाच करणार. म्हणून फोन हातातून सोडायचा नाही.

त्या दिवसापासून माझी एक सवय मला टोचायला लागली. माझ्या तोंडात 'मेला' हा शब्द दिवसातून पन्नासदा. मेला गॅस संपला, मेली लाईट गेली, कुठं उलथला मेला. वरती गेले की मी जीभ चावायची.

माझं माहेर पेणचं, आणि पेणची बाई सासरी येताना पोह्याचे पापड घेऊनच येते म्हणा ना. उन्हाळाभर आमच्या गच्चीवर आळीतल्या पाचसहा जणी पापड लाटतात, मी ते पेणला नेऊन देते. एका सकाळी वरची आजी आली आणि न विचारता आमच्यात बसली. लाटी घेतली, पोळपाट ओढला. पहिले पापड तिने भाकरीएवढे जाड केले. समोरच्या काकीने ते तिच्यासमोर मोडून टाकले, "नाय गो आजी, पातळ! पातळ!" ही काकी आमच्या आळीत सगळ्यांत थोरली, सत्तरीची, गळा असा की तिने हाक मारली तर नदीपलीकडे ऐकू जावी. आजी रागावली नाही. दोन दिवसांत ती माझ्यापेक्षा पातळ लाटायला लागली. मराठी मात्र तिचं बेताचंच. नाय, व्हय, गो, पातळ, ऊन. एप्रनच्या खिशात फोन असायचाच. आमच्यापैकी कोणाचाही वाजला तरी तिचा पिठाचा हात खिशाकडे जायचा.

मे महिना लागला. निवडणुकीच्या रिक्षा भोंगे लावून गल्लीगल्लीत ओरडत होत्या. ऊन असं की गच्चीवर अनवाणी पाय टेकवेना. त्या शुक्रवारी सकाळी मी पापड पसरायला वर गेले. आजी आली नव्हती. उकाड्यामुळे त्यांचं दार सताड उघडं होतं. आत पाहिलं आणि मी उंबऱ्यातच थांबले.

पडदे ओढलेले. टेबलावर एक कापड अंथरलेलं, त्यावर निजवलेल्या माणसाचं चित्र, उघडं अंग, डोळे मिटलेले. भोवती जास्वंद आणि तगरीची फुलं, आमच्याच कुंपणाची. मेणबत्त्या लावलेल्या. आजी आणि बाई दोघींच्या डोक्याला काळे रुमाल. आजी गुडघ्यांवर बसून त्या चित्राच्या पायांवर डोकं टेकवून रडत होती. गॅस थंड, ओट्यावर भांडं नाही.

मी तशीच खाली आले. काकी अंगणात धुणं वाळत घालत होती. "काकी," मी म्हटलं, "गेला गो आजीचा पोरगा."

आता हे परक्याला सांगावं लागेल. आमच्याकडे मयताच्या घरात चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी जेवण न्यायचं, तेही साधं, पिठलं आणि भात, आणि पिठल्याला फोडणी द्यायची नाही. बोलवायची वाट बघायची नाही. नेताना काही बोलायचं नाही. जायचं, बसायचं आणि रडायचं. नुसतं सांत्वन नाही, गळा काढून रडायचं. ज्याचं गेलंय त्याचं रडू आत अडकून बसतं, ते मोकळं व्हावं म्हणून. यांची माणसं हजारो कोस लांब. आम्ही नाही रडायचं तर कोणी?

तासाभरात आम्ही वर गेलो. पाच जणी, डोक्यावर पदर, माझ्या हातात पिठल्याचं पातेलं. आत जाऊन भिंतीशी बसलो. काकीने आजीकडे एकदा पाहिलं आणि गळा काढला. "कसा गेलास रे माझ्या वाघा, आईला टाकून कसा गेलास!" काकीचा स्वतःचा एक मुलगा तरणाताठा गेलेला आहे. तिचं रडणं खोटं नसतं. आम्ही सगळ्या हुंदके द्यायला लागलो.

आजी गुडघ्यांवरून हळूहळू उठली. तिने आमच्याकडे एकेकीकडे पाहिलं. मग पातेल्याकडे. मग तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी तोवर ऐकला नव्हता. तिने येऊन माझे खांदे धरले आणि मला गदागदा हलवलं. काहीतरी विचारत होती, एकच शब्द पुन्हा पुन्हा, ते तिच्या मुलाचं नाव होतं. मी मान डोलावत तिला कुशीत ओढायला बघत होते. आम्हाला वाटलं, आता कुठे बिचारी मोकळी झाली. आम्ही आणखी जोरात रडलो.

बाई कोपऱ्यात फोनवर किंचाळत होती. आजी खाली कोसळली, फरशीवर कपाळ आपटायला लागली, तेव्हा कुठे मला शंका आली. हे असं नव्याने कळल्यासारखं काय? हिला माहीत नव्हतं का?

साहेब कंपनीतून मोटरसायकल मारत आले. पायात सेफ्टी बूट तसेच, हेल्मेट काढायची शुद्ध नाही. आजीसमोर बसले, तिचे हात धरून बोलत राहिले. पुष्कळ वेळ बोलले. ती त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकत होती. मग ते आमच्याकडे वळले.

"माणूस नाय मेला," ते म्हणाले. "देव मेला. आज."

"देव कसा मरंल?" काकी म्हणाली.

"शुक्रवारी मरतो. रविवारी उठतो. ईस्टर."

"अहो, पण तो तर कधीच झाला!" मी म्हटलं. "बँकेला सुट्टी होती. कॅलेंडरात छापलंय."

"ते दुसऱ्या लोकांचं," साहेब म्हणाले. "आमचं कॅलेंडर जुनं. आमचा देव आज मरतो."

आम्ही त्यांच्या देवाचं सुतक तिच्या मुलाचं समजून बसलो होतो. आणि ती, डोकं झाकून रडत आलेल्या पाच बायका बघून, समजली की आम्हाला कुठून तरी बातमी लागली आणि आम्ही ती घेऊन आलो.

पातेलं उचलून आम्ही जिना उतरलो. कोणी कोणाकडे बघेना. काकी पायरीवरच बसली. "जित्या पोराच्या घरात पिठलं नेलं गो मी," ती म्हणत राहिली. मी तिच्यावर खेकसले की पिठलं माझ्या घरातलं होतं, तू कशाला डोक्यावर घेतेस. आमचे हे म्हणाले, मी सांगत होतो आधी विचारा. काही सांगत नव्हते ते! पेपर वाचत होते. त्या दिवशी मला सगळ्यांचाच राग आला. त्या भोंगेवाल्या रिक्षांचा आला, दोन दोन कॅलेंडरं ठेवणाऱ्या त्यांच्या देवाचा आला.

संध्याकाळी मात्र मला राहवेना. मी एकटीच वर गेले. आजी खाटेवर बसून होती, कपाळाला टेंगूळ आलेलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी साहेबांना म्हटलं, "यांना एवढं सांगा. आमच्याकडे म्हणतात, जिवंत माणूस मेल्याची खोटी बातमी उठली, लोक रडले, की त्याचं आयुष्य वाढतं. आम्ही पाच जणी रडलो. तिच्या पोराचं आयुष्य आज वाढलं."

हे मी बनवून सांगितलं नाही. आमच्याकडे खरंच असं म्हणतात. लहानपणी माझ्या मामाची अशी खोटी बातमी आली होती, तो पुढे म्हातारा होऊन गेला.

साहेब खाली फरशीकडे बघत राहिले. मला वाटलं, त्यांना माझं मराठी कळलं नाही, म्हणून मी तेच हिंदीत सांगितलं. "समजला," ते म्हणाले. आणि मग त्यांनी ते तिला सांगितलं, अगदी हळू आवाजात.

आजीने मान वर केली. "व्हय?" तिने मला विचारलं.

"व्हय," मी म्हटलं.

तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि माझ्या गालांचे मुके घेतले, तीन वेळा. तिच्या तोंडाला उपासाचा वास येत होता.

शनिवारी तीच आधी खाली आली. हातात उकडलेली अंडी आणि पांढऱ्या कांद्याची सालं. ती अंडी कांद्याच्या सालीत उकळून लाल करतात म्हणे. आमच्या घरात माळा सगळ्या पांढऱ्या कांद्याच्या. त्या सालीला रंग कुठला येणार? अंडी होती तशी पांढरीफटक. मला त्या दिवशी पापड घेऊन पेणला जायचंच होतं आणि पेणला माझ्या भावाची खानावळ आहे, तिथे लाल कांदा पोत्याने सोलतात. म्हटलं, चल आजी.

एसटीत खिडकीशी बसून ती सगळा रस्ता बोलत होती. तिच्या भाषेत, मला. फोनमधला मुलाचा फोटो दाखवला. गोल तोंडाचा, दाढी राखलेला, हातात कसलं तरी मासळीसारखं काही धरून हसतोय. "पोरगा," मी म्हटलं. "पोरगा," ती म्हणाली, आणि तो शब्द तिला आवडला असावा, कारण पेण येईपर्यंत तिने तो कंडक्टरला दोनदा ऐकवला. भावाच्या खानावळीत ती बायकांमध्ये फतकल मारून बसली आणि अर्धं पोतं कांदा सोलून काढला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती हसत होती. भाऊ मला म्हणाला, ही कोण बाई, हिला ठेवून जा. परत येताना तिच्या मांडीवर सालींची पिशवी. मी मनात म्हटलं, झालं ते बरंच झालं म्हणायचं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आजी हसली.

रविवारी आख्खी आळी वर जेवायला. अंडी गडद तांबडी झाली होती. बेकरीवाल्याने त्याच्या भट्टीत त्यांचा उंच गोड पाव भाजून दिला होता. तो जरा करपला, पण आजीने करपलेला भाग कापून मला दिला आणि चांगला काकीला. तिने काळा रुमाल सोडून फुलाफुलांचा बांधला होता. दारात येईल त्याला ती म्हणायची, "ख्रिस्तोस वोस्क्रेस." आम्हाला उत्तर येईना. तेव्हा तिने साहेबांकडून मराठी करून घेतलं. "देव उठला," ती म्हणायची, आणि आम्ही म्हणायचं, "खरंच उठला." काकी तर उत्तर देताना दोन्ही हात जोडायची.

अंड्यावर अंडं आपटायचा त्यांचा एक खेळ आहे, ज्याचं फुटेल तो हरला. आमचे हे पहिल्या फेरीतच हरले. सगळा दंगा चालू असताना मी पाहिलं, साहेब घरात नाहीत. मी गच्चीवर गेले. ते टाकीला टेकून उभे होते. मी चेष्टेत म्हटलं, "काय हो जावईबापू, सासूचं जेवण आवडत नाय वाटतं?"

त्यांनी तोंड पुसलं. मग म्हणाले, "काकू, गुरुवारी फोन आला. माझ्या भावाचा. तिकडून."

मी टाकीजवळ सरकले.

"बॉडी मिळाली. टेस्ट केली. तोच हाय."

गुरुवारी. म्हणजे शुक्रवारी हेल्मेट घालून धावत आले, सासूचे हात धरून बसले, आम्हाला म्हणाले माणूस नाय मेला, तेव्हा त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी मी आयुष्य वाढल्याचं सांगत होते आणि ते फरशीकडे बघत होते, तेव्हाही. माझ्या मनात आलं, याच्या कानाखाली एक वाजवावी. मला कशाला बोलू दिलंस? तिला पेणभर हसू कशाला दिलंस?

"का नाही सांगितलंत?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"एक ईस्टर," ते म्हणाले. "पोरगा जिवंत हाय, असा एक ईस्टर. बस."

घरातून काकीच्या हसण्याचा आवाज येत होता.

बायकोला ते त्याच रात्री सांगणार होते. सकाळी ती आईला सांगेल. त्यांच्याने ते होणार नाही, त्यांनी स्पष्टच सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या तुम्ही येणार? सगळ्या? शुक्रवारसारखं?"

"रडायला?"

"व्हय. इथं आमचं कोणी नाय."

सोमवारी दहाच्या सुमाराला आम्ही निघालो. काकी आधी तयारच होईना. माझ्या तोंडातून आता आवाज फुटायचा नाय, म्हणाली. मी तिला हाताला धरून उठवलं. त्याच पाच जणी, डोक्यावर पदर. पुन्हा पिठलं केलं होतं, फोडणी न देता.

दार आजीनेच उघडलं. डोक्याला तोच फुलाफुलांचा रुमाल.

तिने आमचे पदर पाहिले, पातेलं पाहिलं, आणि ती हसायला लागली. मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. बाई ओट्याला धरून उभी होती, डोळे सुजलेले. तिने मला मान हलवून खुणावलं. नाही सांगितलं. जमलं नाही. साहेब खुर्चीत बसून दोन्ही हातांत डोकं घेऊन होते.

"नाय गो, नाय!" आजी काकीचा गाल थोपटत म्हणाली. वेड्या बायका पुन्हा चुकल्या, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. तिने काकीला आत ओढलं, टेबलावरचा उरलेला पाव दाखवला. "देव उठला," ती आम्हाला समजावून सांगत होती. "देव उठला!"

काकी माझ्याकडे बघत होती. सगळ्याच माझ्याकडे बघत होत्या. त्या घरात बोलेल असं कोणी उरलं नव्हतं. मी पातेलं जमिनीवर ठेवलं आणि आजीचे दोन्ही हात धरले.

"देव उठला, आजी," मी म्हटलं. "पोरगा नाय उठला."

एवढं मराठी तिला येत होतं.